वत्सलावहिनी पाहुण्या जातात

सुरतेला बघायला कोण येतं? कापड घ्यायला येतात, हिरे घासायला येतात, लूमवर पोट भरायला येतात. नुसती हिंडायला म्हणून आलेली माणसं मी पाहिली ती आमच्या वरच्या मजल्यावर. अडाजणच्या आमच्या सोसायटीत वर निमकर राहायचे आणि खाली आम्ही. विनायकराव निमकर बँकेत होते आणि त्यांना एक नाद होता. पाहुणचाराचं एक मंडळ आहे, परदेशात त्याची कचेरी आहे, त्याचे ते सभासद. सभासदांनी प्रवासात एकमेकांच्या घरी उतरायचं, दोन रात्री राहायचं, घरात शिजेल ते खायचं आणि पैशाचं नाव काढायचं नाही. अशाने जगात शांतता नांदेल, असं विनायकरावांचं म्हणणं होतं. शांतता नांदायची तेव्हा नांदो, पोळ्या मात्र वत्सलावहिनी लाटायच्या.

पाहुणे बहुतेक मुंबईहून राजस्थानकडे निघालेले असायचे. विनायकराव त्यांना किल्ला दाखवायचे आणि मग कतारगामला नेऊन इंग्रजांची आणि डचांची थडगी दाखवायचे. डेन्मार्कहून एक म्हातारा आला होता, त्यालाही तिथेच नेलं. मी म्हटलं, "भावजी, एवढ्या लांबून आलेल्या माणसाला थडगी कसली दाखवता?" तर म्हणाले, "सुरेखाताई, तो इतिहास आहे." बँकेतल्या माणसाशी वाद घालू नये, ते नियम काढून दाखवतात.

खरं बघण्यासारखं होतं ते वहिनींचं वाढणं. पाहुणा गोरा असो की काळा, त्याला पाटावर बसवायचं, लिंबाची फोड, चटणी, कोशिंबीर आपापल्या जागी, भाताची मूद, वर वरण, त्यावर तूप. आणि आग्रह! "अजून अर्धी," असं म्हणून पोळी पानात पडलेलीच असायची. तो बिचारा डेन्मार्कचा दोन्ही हात पानावर आडवे धरून बसला होता. ही माणसं जेवल्यावर आपलं ताट उचलून धुवायला निघत, तेव्हा वहिनींचा जीव कासावीस व्हायचा. पाहुण्याने उष्टं ताट उचललं तर घरच्या बाईचं तोंड कुठे राहिलं? ताट दोघांनी दोन बाजूंनी धरलेलं आणि कुणीच सोडत नाही, असं मी डोळ्यांनी पाहिलंय.

त्यांचं स्वतःचं जेवण शेवटी, ओट्याशी उभ्याने. मी ओरडायची. त्या म्हणायच्या, "बसायची सवयच नाही गं." ते खोटं नव्हतं. आई लहानपणी गेली, मामाच्या घरी नाशकात वाढल्या, तिथे वाढप त्यांच्याकडेच. लग्नानंतर मामी वारली आणि ते दारही बंद झालं. मूलबाळ झालं नाही, त्यामुळे बाळंतपणालासुद्धा कुणी ताटावर बसवलं नाही. दिवाळीला आम्ही सगळ्या माहेरी निघालो की त्या गॅलरीत उभ्या राहून हात करायच्या. मला ते बघवायचं नाही, मी रिक्षात मान खाली घालून बसायची.

ब्याण्णवच्या थंडीत उज्जैनचे व्यास नवरा-बायको आले. हिंदीवाले, त्याच मंडळातले. सुमन व्यास बोलक्या, वहिनींच्या वयाच्या. दोघींचं असं जमलं की पाहुणीला शेवटी वहिनींनी माहेरवाशिणीसारखी ओटी भरून निरोप दिला. सुमनबाईंचे डोळे भरले. जिन्यात माझ्यासमोर त्यांनी वहिनींचे हात धरले. "दीदी, अब आपकी बारी. उज्जैन आइए. रसोई में पाँव नहीं रखने दूँगी."

ते वहिनींच्या मनात घर करून बसलं. एरवी काही न मागणारी बाई, पण दुपारी माझ्याकडे भाजी निवडायला आल्या की उज्जैन निघायचंच. "सुरेखा, मला देवबीव नाही गं बघायचं. मला एकदा कुणाकडे तरी पाहुणी म्हणून जायचंय. कुणी म्हणावं, बसा, आणि आपण बसावं. बस." विनायकरावांना रजा मिळेना, मिळाली की कुणीतरी जपानी यायचे. अशी जवळजवळ दोन वर्षं गेली. माझ्या मते नवऱ्यांना जगात शांतता आणणं सोपं जातं, बायकोला उज्जैनला नेणं कठीण.

अखेर चौऱ्याण्णवच्या श्रावणात त्यांनी तिकिटं काढली, पण कधीची? पितृपक्षातली. तेव्हा लोक प्रवासाला निघत नाहीत, म्हणून जागा सहज मिळाली, हे बँकेतलं डोकं. मी म्हटलं, "भावजी, पितरांच्या दिवसांत निघू नये." ते हसले. वहिनींना तर पक्ष-पंधरवडा काही दिसतच नव्हता. त्यांनी चिवडा केला, चौकातून नानखटाई आणवली, सुमनबाईंसाठी खण घेतला. मला नवं पातळ दाखवून विचारलं, "पाहुणीला हे बरं दिसेल ना?"

त्या साली गणपती गेले आणि सुरतेत प्लेग आला. खरा किती नि अफवा किती, ते मला आजही सांगता येणार नाही, पण माणसं मरताहेत एवढं कानावर आलं आणि गाव उठलं. मार्केट बंद, लूम बंद. गोडादऱ्याहून भांड्याला येणारी आमची रुक्मिणी सांगायलाही आली नाही, पोरांना घेऊन गावाकडे गेली. औषधाच्या दुकानांत गोळ्या मिळेनात. लोक तोंडाला रुमाल बांधून स्टेशनकडे पळत होते. माझ्या सासूबाई अंथरुणाला खिळलेल्या, म्हणून आम्ही राहिलो. नाहीतर आम्हीही पळालोच असतो, खोटं कशाला बोलू?

आणि नेमक्या त्या गर्दीत निमकर दांपत्य निघालं. विनायकराव खालच्या फाटकाशी उभे राहून प्रत्येकाला सांगत होते, "आम्ही पळत नाही हं. आमचं रिझर्वेशन आहे." कुणी ऐकत नव्हतं. वहिनी नव्या पातळात, हातात चिवड्याचा डबा. मी म्हटलं, "वहिनी, आत्ता नका जाऊ. लोक काय म्हणतील तिकडे?" त्या म्हणाल्या, "अगं, सुमनचंच घर आहे." माझ्या तोंडावर आलं होतं की घर आहे म्हणूनच सांगते. पण त्यांचा चेहरा बघितला आणि फाटक उघडून धरलं.

पुढचं मला त्यांनीच सांगितलं, तेही तुकड्यातुकड्यांनी.

उज्जैनला स्टेशनवर सुरतेच्या माणसांना बाजूला काढलं, डॉक्टरांनी तपासलं आणि दोघांना ठीक म्हणून सोडलं. भर दुपारी दोघं व्यासांच्या गल्लीत पोचली. फाटकाला आतून कुलूप होतं. व्यास बाहेर आले ते नाकाला रुमाल लावून, आणि फाटकापासून चार हात लांब थांबले. विनायकराव सांगायला लागले की डॉक्टरांनी तपासलंय, आम्ही पळून आलो नाही, आमचं रिझर्वेशन होतं. व्यास मान हलवत राहिले. घरात लहान नातू आहे, मोहल्ल्यातले लोक ऐकणार नाहीत, पलीकडच्या रस्त्याला धर्मशाळा आहे, एवढंच म्हणाले.

वहिनींचं लक्ष वर होतं. सुमनबाई वरच्या गॅलरीत आल्या होत्या. "दीदी," म्हणाल्या आणि त्यांनी पदर तोंडाला लावला.

"रडत होती की रोगाला भिऊन लावला, ते कळलं नाही बघ," वहिनी मला म्हणाल्या. हे त्यांनी मला कितीतरी वेळा सांगितलं. दर वेळी असं सांगायच्या, की जणू मी सांगेन त्यातलं खरं काय ते. मला काय ठाऊक? मी आपली म्हणायची, रडतच असेल.

निघताना वहिनींनी डबा आणि खण फाटकाच्या कठड्यावर ठेवले. तर व्यास घाईने म्हणाले, "नहीं नहीं, रहने दीजिए. ले जाइए." वहिनींनी दोन्ही परत उचललं. धर्मशाळेत नाव-गाव विचारलं, विनायकरावांनी खरं ते सांगितलं, आणि तिथेही जागा नव्हती. खोटं गाव सांगायचं त्यांच्या मनातही आलं नसेल. अशा माणसाचं कौतुक करावं की डोक्यात वरवंटा घालावा, मला आजवर ठरवता आलेलं नाही. ती रात्र दोघांनी फलाटावर काढली. सुरतेकडे येणारी गाडी रिकामी होती.

मी दार उघडलं तर वहिनी समोर उभ्या. पातळाच्या निऱ्या चुरगळलेल्या. मी म्हटलं, "या, बसा आधी." त्या आत येईनात. "प्रवासाची आहे गं मी, तुझ्या सासूबाई आत आहेत." मी हात धरून ओढायला गेले, तर दोन पावलं मागे सरल्या. व्यास जेवढे लांब उभे होते, तेवढ्याच लांब त्या माझ्यापासून उभ्या राहिल्या. ते पुढे कळलं तेव्हा मला त्या व्यासांच्या घराला आग लावावीशी वाटली.

चार दिवसांनी सासूबाईंचा डोळा लागला होता, तेव्हा त्या आल्या आणि बोलल्या. मी सुमनबाईंना मनसोक्त शिव्या दिल्या. वहिनी म्हणाल्या, "नको गं. तिच्या घरात लेकरू आहे. मीही दार उघडलं नसतं कदाचित." मग बराच वेळ नखाने शेंगेची शीर काढत बसल्या. "मला जेवायला नको होतं, सुरेखा. राहायलाही नको होतं. लांबूनच म्हणाली असती ना, तिथे पायरीवर बसा जरा, दमला असाल. मी बसले नसते. पण म्हणायला हवं होतं."

मंडळातून नाव काढून टाका, असं मी विनायकरावांना स्पष्ट सांगितलं. ते म्हणाले, एका घराने दार लावलं म्हणून तत्त्व खोटं ठरत नाही. वर्षभराने पाहुणे पुन्हा यायला लागले. वहिनी स्वयंपाक करायच्या, पण पाट गेले, टेबल आलं. भांडी मधोमध ठेवून म्हणायच्या, "घ्या हं हाताने." अजून अर्धी नाही, तुपाची धार नाही. जेवून कुणी ताट उचललं तर उचलू द्यायच्या. गंमत म्हणजे पाहुण्यांना हेच जास्त आवडलं. एक जर्मन मुलगी तर म्हणाली, किती मोकळं वाटतं तुमच्या घरात. विनायकराव खूष झाले. म्हणाले, "आमची ही आता सुधारली."

अठ्ठ्याण्णवला ते रिटायर झाले आणि दोघांचे पासपोर्ट काढायला निघाले. युरोपात सभासदांच्या घरी उतरत हिंडायचं, राहायचा खर्च शून्य. वहिनी म्हणाल्या, "तुम्ही जाऊन या. इथे कुणी आलं तर घरात माणूस हवं." मी भांडले, आमचे हे समजावायला गेले, काही उपयोग झाला नाही. विनायकराव एकटे गेले आणि महिन्या-दीड महिन्याने लाल होऊन परत आले.

आल्यावर त्यांनी आम्हाला वर जेवायला बोलावलं. किती सांगू आणि किती नको, असं झालं होतं त्यांना. डेन्मार्कच्या त्या म्हाताऱ्याने बटाटे उकडून घातले, हॉलंडमध्ये एका बाईने स्वतःची खोली दिली आणि आपण सोफ्यावर झोपली, एका घरात तर त्यांच्यासाठी खास भात शिजवला होता. "एकही दार बंद नाही, सुरेखाताई. एकही नाही." वहिनी टेबलाशी उभ्या होत्या, भाताचा वाडगा हातात. त्यांनी मध्येच विचारलं, "दार उघडल्यावर 'बसा' म्हणाले का हो ते?"

विनायकराव घास हातात धरून आठवू लागले. आठवेना. मग हसून म्हणाले, "हे कुणाच्या लक्षात राहतं का?"

"नाही राहत," वहिनी म्हणाल्या आणि त्यांच्या पानात भात वाढला. मी खुर्ची ओढून म्हटलं, "वहिनी, तुम्ही बसा." त्या म्हणाल्या, "तुमचं होऊ दे."