जोडीच्या होडीतली जागा

माझी बायको साठीला आली असताना भंडारदऱ्याच्या धरणात कयाक, म्हणजे वल्ह्याची अरुंद होडी, चालवायला शिकली. शाळेतून निवृत्त झाल्यावर तिची साखर वाढली होती, झोप उडाली होती आणि भाजी आणण्यापुरतीच ती घराबाहेर पडत असे. आम्ही राहतो त्या अकोले गावातल्या डॉक्टरांनी व्यायाम सांगितला. नुसतं चालणं तिला कंटाळवाणं वाटलं. तेव्हा तिची मैत्रीण, आमच्याच भागातल्या बेलापूरची एक निवृत्त नर्स, तिला रविवारी आपल्या गाडीतून धरणावर घेऊन गेली. पुढे दर रविवारी नेऊ लागली.

थंडी सरेपर्यंत फरक दिसू लागला. ती रात्री सलग झोपू लागली. साखरेचा रिपोर्ट सुधारला. माळ्यावरचा पिठाचा डबा ती मला हाक न मारता खाली घेऊ लागली. दिवसभर तिचा फोन वाजायचा. मी आयुष्यभर वर्तमानपत्रात काम केलं. आरोग्याच्या पानावर या सगळ्याची चांगली बातमी झाली असती. मी ती लिहिली नाही, कारण मला हेवा वाटत होता.

हेवा नर्सबाईंचा होता. दोघी जोडीच्या कयाकमध्ये बसायच्या. नर्सबाई पुढे बसून वल्ह्याचा ताल धरायच्या, माझी बायको मागे बसून दिशा सांभाळायची. सकाळभर त्या पाण्यावर असत आणि बोलत असत. घरी आमचं बोलणं गॅस सिलिंडर आणि लाइट बिलाच्या पुढे जात नव्हतं.

"एवढं काय बोलता?" मी एकदा विचारलं.

"पाण्यावरचं पाण्यावरच राहतं," ती म्हणाली.

नर्सबाई दारात उभ्या होत्या. "भाऊजी, बातमी काढताय का? चहा पाजा, मग बघू."

चहा मी केला. बातमी मिळाली नाही.

रविवारी धरणावर येणाऱ्यांचा त्यांचा गट पलीकडच्या काठावर जाऊन तंबूत मुक्काम करणार होता. त्यासाठी जोड्या ठरायच्या होत्या. मी कुणाला न सांगता आठवड्याच्या मधल्या दिवशी एसटीने धरणावर जाऊ लागलो. पहिल्याच दिवशी उलटलो, कानात पाणी गेलं. पण शिकलो. मग एका सकाळी मी विषय काढला.

"मुक्कामाला तुझी-माझी जोडी लावू."

"तुम्ही शिकलात? कधी?" ती मनापासून हसली. मला वाटलं, जागा मिळाली.

"या की," ती म्हणाली. "पण माझ्या होडीत नको."

"का?"

तिने कप खाली ठेवला. "अकोल्यात मी पत्रकारांची मिसेस आहे, नाहीतर शाळेतल्या बाई. तिकडं मी कुणाची कोण, हे कुणी विचारत नाही. तेवढं राहू द्या."

मी बरं म्हणालो. गटात माझं नाव वेगळं घातलं.

मुक्कामाच्या दिवशी माझ्या जोडीला पुणतांब्याचे एक शेतकरी आले. गुडघ्यांमुळे चालणं जमत नव्हतं, म्हणून मुलाने त्यांचं नाव घातलं होतं. ते पुढे बसले, मी मागे. आमची होडी डावीकडे ओढत होती. त्या दोघींची सरळ चालली होती.

"त्या मागं बसल्यात त्या बाई बघा," ते म्हणाले. "लई सरळ नेत्यात. कोन हायेत?"

"अकोल्याच्या आहेत."

"वळखता व्हय तुमी?"

"थोडंफार."

"मग हाक मारा की. जरा थांबा म्हनावं."

पुढे नर्सबाई काहीतरी बोलल्या आणि माझी बायको मान मागे टाकून हसली. हसणं आमच्यापर्यंत आलं, शब्द आले नाहीत. मी हाक मारली नाही.

"जरा जोर लावा," मी त्यांना म्हणालो. "फार लांब नाहीत त्या."