काढलेलं पांघरूण

माझ्या वडिलांना पक्षाघात झाला, तेव्हा वॉर्डातल्या मावशींची ओळख झाली. बाजारात कुठली मासळी आली, हे त्या बेशुद्ध पेशंटलाही रोज सांगत.

तिसऱ्या दिवशी वडिलांना ताप चढला, अंग थरथरू लागलं. आईने चादरीवर घोंगडी घातली. मावशींनी दोन्ही पांघरुणं ओढून काढली.

"तापान मेंदवाची सूज वाढता. डॉक्टरांनी अंग थंड ठेवूक सांगल्यानी."

आई त्यांना नाही नाही ते बोलली. त्या मात्र ड्युटी संपल्यावरही ओल्या फडक्याने वडिलांचं अंग पुसत बसल्या.

संध्याकाळी ताप उतरला. उजवा हात लुळा राहिला, पण वडील आता माणसं ओळखू लागले. आई माफी मागायला गेली.

"माका राग नाय, वयनी," मावशी म्हणाल्या. "माझो नवरो ह्याच दुखण्यान गेलो. ताप इलो तेवा मी तेका दोन गोधड्यो घातलंय."