कुंपण निघालं तेव्हा

अमेरिकेतल्या आमच्या मॉरिसव्हिलच्या मराठी मंडळात नीलांबरीचं नाव काढलं की लोक विचारायचे, "म्हणजे ती हत्तीवाली ना?" नागपूरच्या कॉलेजात प्राणिशास्त्र शिकवणारी ही बाई २००१ साली नवऱ्याबरोबर, लहानग्या लेकीला घेऊन इथे आली. गिरीशला सॉफ्टवेअरची नोकरी होती, तिला डिपेंडंट व्हिसा. त्या व्हिसावर नोकरी करता येत नाही. पहिलं वर्ष तिने अपार्टमेंटच्या खिडकीतून पार्किंग लॉट बघत काढलं. मग ती ड्रायव्हिंग शिकली आणि तासाभराच्या अंतरावरच्या प्राणिसंग्रहालयात व्हॉलंटियर म्हणून जायला लागली. शाळेच्या मुलांना हत्तींबद्दल सांगायचं, हे तिचं काम. सुरुवातीला मुलं तिच्या उच्चारांना हसायची. पुढे शिक्षक फोन करून विचारू लागले, "त्या दिवशी मिस नीला आहेत ना?"

ग्रीन कार्ड यायला सहा वर्षं लागली. तोवर देशाबाहेर पाऊल टाकायचं म्हणजे परत येताना व्हिसा मिळेल की नाही, ही धास्ती. कार्ड आलं त्या संध्याकाळी गिरीश खुशीत म्हणाला, "आता बिनधास्त फिरू. क्रूझ बुक करू का?"

"मला आफ्रिकेला जायचंय."

"हत्ती बघायला? यार, दर आठवड्याला बघतेस की!"

"चालताना बघायचेत. त्यांना वाटेल तिकडे."

त्यांची चौदा वर्षांची लेक शिवांगी फ्रिजमधून ज्यूस काढता काढता म्हणाली, "डॅड, जस्ट बुक इट."

२००८च्या जूनमध्ये तिघं दक्षिण आफ्रिकेतल्या एका अभयारण्यात पोचले. तिथले हत्ती फार पूर्वीच शिकारीत संपले होते. नंतर तिथे मेंढ्यांचे फार्म झाले, जमीन चरून चरून उघडी पडली. अलीकडे काही लोकांनी ते फार्म विकत घेतले, झुडपं वाढू दिली आणि लांबच्या जंगलातून ट्रकमध्ये घालून हत्ती आणले. या तिघांची गाइड नोसिफो. तिच्या वडिलांनी याच जमिनीवर मेंढ्या राखल्या होत्या.

पहिले दोन दिवस हत्ती दिसलेच नाहीत. "हे तर आपल्या नागपूरबाहेरच्या माळासारखंच आहे," गिरीश कुरकुरला.  नीलांबरी ताज्या शेणाकडे आणि मोडलेल्या फांद्यांकडे बघत होती.

तिसऱ्या दिवशी नोसिफोने सांगितलं, "शेजारचा फार्म आता आमच्याकडे आलाय. मधलं कुंपण आज काढतोय. करंट बंद केलाय. मदतीला कोण येतंय?"

नीलांबरी चामड्याचे हातमोजे घालून सगळ्यांच्या आधी उभी. दुपारभर ती तार गुंडाळत होती. गिरीश फोटो काढत होता. थोड्या वेळाने त्याने कॅमेरा शिवांगीकडे दिला आणि तोही खांब उपटायला लागला.

दुसऱ्या दिवशी सकाळी ते तिथेच, थोडं लांब, जीपमध्ये बसले होते. झुडपं हलली आणि हत्ती आले. पुढे एक म्हातारी हत्तीण, मागे तिचा कळप, पिल्लांसकट. कुंपण होतं बरोबर त्या रेषेवर येऊन ती थांबली. मागचे सगळे थांबले. तिने सोंड पुढे केली, मागे घेतली.

"तार गेलीय, पण तिला शॉक आठवतोय," नोसिफो कुजबुजली.

खूप वेळ गेला. म्हातारी वळायला लागली. नीलांबरीने समोरचा दांडा घट्ट धरला आणि तिच्या तोंडून मराठीतच निघालं, "नको गं फिरूस. जा पुढे."

हत्तीण पुन्हा रेषेकडे वळली. सोंडेने जमीन चाचपली, माती हुंगली. मग एक पाय उचलला आणि पलीकडे टाकला. मग दुसरा. तिच्या मागून अख्खा कळप निघाला. पिल्लं तर कान पसरून धावतच सुटली, आणि पलीकडच्या उतारावरून असा चीत्कार उठला की जीपच्या काचा थरथरल्या.

नोसिफो हसत होती आणि डोळे पुसत होती. "माझ्या बाबांना हे सांगायला हवं," ती म्हणाली. गिरीश बायकोचा दंड धरून पुन्हा पुन्हा तेच म्हणत होता, "नीलू, गेले! सगळे गेले!" नीलांबरी जीपमध्ये उभी राहिली होती. शेवटचा हत्ती टेकडीआड जाईपर्यंत ती खाली बसली नाही.

परत आल्यावर तिने त्याच प्राणिसंग्रहालयात रीतसर नोकरीसाठी अर्ज केला. महिन्याभरात ती शिक्षण विभागात रुजू झाली. गणपतीत मंडळाने तिचं भाषण ठेवलं. शिवांगीने घेतलेला व्हिडिओ पडद्यावर लावला होता. हत्तिणीने पाय पुढे टाकला आणि पहिल्या रांगेतल्या पद्मिनीकाकू, ज्यांना अशा कार्यक्रमांत हमखास डुलकी लागते, खुर्चीवरून उठून टाळ्या वाजवू लागल्या. मग सगळा हॉल उठला.