घंटा कोणी दिली

केशरबाईचा हात मोठा आणि तोंड त्याहून मोठं. माहेर हिवरखेडचं, अकोल्यात मोर्णेकाठच्या एका कापसाच्या जिनात ती सरकी काढायच्या यंत्रावर, रेच्यावर, कापूस टाकायची. तिच्या वाटेला सहसा कुणी जात नसे. जो जाई, त्याची ती चारचौघांत सालटी काढी.

नवरा सहदेव तिथेच यंत्रांना तेल घालणारा तेलवाला होता. सगळे रेचे एकाच इंजिनावर चालत. काही बिघडलं की इंजिन बंद करायचं, दुरुस्ती झाली की दोरी ओढून घंटा द्यायची. घंटा ऐकली की पलीकडच्या खोलीतला ड्रायव्हर इंजिन सुरू करायचा. दोरी एकच, शेडच्या मधोमध, येईल त्यानं ओढावी. सत्तावन्न सालच्या हंगामात सहदेव शाफ्टला तेल घालत असताना कुणीतरी ती ओढली. शाफ्टवरच्या पट्ट्यानं त्याला धोतरासकट वर नेलं आणि तुळईवर आपटलं. खाली पडला तो तिनं पायातल्या वहाणांवरून ओळखला. कोणी ओढली, म्हणून तिनं एकेकाचा गळा धरला. एवढ्या भरल्या शेडमध्ये एकालाही काही दिसलं नव्हतं!

लहानग्या लेकीला, शालूला, कडेवर घेऊन ती जिनाच्या मालकाच्या, शेटच्या मोटारीपुढे आडवी झाली. "मेलेला मानूस वापस नाही मांगत मी. पन घंटा कोनं देल्ली ते कळलंच पायजे!"

त्यातून बिल्ले आले. प्रत्येकाचा नंबर घातलेला पितळी बिल्ला. आधी तो दोरीजवळच्या खिळ्याला अडकवायचा, मगच दोरी ओढायची. ज्याचा बिल्ला, त्याची घंटा. केशरबाईचा त्या पितळेवर देवापेक्षा जास्त विश्वास बसला, आणि हीच तिची चूक.

साठ सालच्या फाल्गुनात मोतीराम फिटर रेच्यात हात घालून बसलेला, आणि घंटा झाली. रेच्यानं त्याचा हात कोपरापर्यंत फाडून काढला. पांढरी रुई लाल झाली. इंजिन थांबलं तेव्हा खिळ्यावर बिल्ला होता पुंजारामचा. केशरबाईनं लोखंडी पट्टी उचलली.

"बिल्ला माया हाय, केशरबाई, हात माया नाही!" पुंजाराम ओरडला.

ऐकतंय कोण? पहिला घाव जबड्यावर बसला, दुसरा डोळ्यावर. मग बाकीचेही त्याच्यावर तुटून पडले.

"नोका मारू रे," रक्तात पडलेला मोतीराम कण्हला. "तो तं मायापाशीच होता. पट्टा धरून होता."

सगळे हात थांबले. उकाड्यामुळे गडी सदरे काढून खुंटीला टांगत, बिल्ले खिशातच राहत. मुकादम खुशालराव हाताला लागेल त्या सदऱ्यातला बिल्ला काढून घंटा देई. स्वतःचा त्यानं कधी अडकवला नाही. हे सगळ्यांना ठाऊक होतं, केशरबाईलाही. रोजचंच असल्यामुळे कुणाला त्यात काही वाटत नव्हतं.

खुशालराव दाराकडे सरकत होता. तिनं त्याला फरफटत आणलं, त्याचा पंजा उंबऱ्यावर दाबला आणि बोटं मोडेपर्यंत पट्टी घातली. "सहदेवच्या टायमाले बी तूच होता काय रे? बोल!" तो नुसता गुरासारखा ओरडत राहिला. सहदेवच्या वेळची घंटा कोणी दिली, ते तिला जन्मभर कळलं नाही.

खुशालरावाच्या बोटांचा गुन्हा तिनं कोर्टात पहिल्याच झटक्याला कबूल केला. मग पुंजारामला साक्षीला उभं केलं. त्याचा एक डोळा कायमचा गेला होता.

"डोळा कुणी फोडला?" न्यायाधीशांनी विचारलं.

पुंजारामनं उरलेल्या डोळ्यानं आधी केशरबाईकडे पाहिलं, मग मागच्या बाकावरच्या शालूकडे. "लय गर्दी होती, सायेब. कोन होतं, दिसलं नाही."

केशरबाईच्या अंगाची लाही झाली. सहदेवच्या वेळीही सगळ्यांनी हेच म्हटलं होतं. त्याच्या त्या एका शब्दावर तिची सजा निम्म्यानं कमी होत होती. तिच्यासाठीच हा माणूस खोटं बोलत होता, हे तिला कळत होतं, आणि तेच तिला सोसवेना.

"खोटं बोलून राह्यला तो, सायेब," ती कठडा धरून म्हणाली. "मीनं फोडला. याच हातानं. लिवा नाव."

मागे शालूनं भोकाड पसरलं. केशरबाईनं वळून पाहिलं नाही. नाव लिहून होईपर्यंत ती कारकुनाच्या टाकाकडे बघत राहिली.