कुंपणापाशी मोजलेला बर्फ

बर्फ मोजायच्या आधी अंकल उजव्या हाताचा ग्लोव्ह काढून खिशात कोंबायचे, गुडघे टेकायचे आणि इतके वाकायचे की गाल बर्फाला लागायचाच बाकी राहायचा. पलंगाखाली गेलेली चप्पल शोधणाऱ्या माणसासारखे दिसायचे. "पट्टीच्या समोर डोळा आणायचा, बाय," मला सांगायचे. "वरून बघितलं की माणूस आपल्या सोयीचा आकडा वाचतो." मग उठून, पँट झटकून वहीत आकडा लिहायचे आणि स्वतःशीच म्हणायचे, "जेवढं पडलं तेवढंच."

अंकल मूळचे वसईचे. ठाण्याच्या एका कारखान्यात तयार झालेले सुटे भाग मोजून पास-नापास करायचं काम त्यांनी जन्मभर केलं. आंटी गेल्यावर कॅनडात, मिल्टनला मुलीकडे आले. इथे मोजायला काही उरलं नव्हतं, म्हणून बर्फ मोजायला लागले. बॅकयार्डच्या बरोबर मध्यावर पांढरा रंग दिलेली एक फळी, शेजारी लाल चिंधी बांधलेली काठी. स्नो थांबला की फळीवरचा बर्फ मोजायचा आणि फळी पुसून पुन्हा ठेवायची.

त्यांची-माझी ओळख हवामानाच्या ग्रुपवर झाली. कॅनडाभरची चाळीसएक मराठी मंडळी त्यावर होती. तुमच्याही फोनमध्ये असा एखादा ग्रुप असेल. तिथे आकाशाबद्दल कमी आणि आपापल्या गावाच्या मोठेपणाबद्दल जास्त बोलतात. आमच्यात सगळ्यांत मोठा आवाज रेजिना शहरातल्या सरांचा. मिल्टनला जरा थंडी पडली की ते लिहायचे, "याला विंटर म्हणता होय तुम्ही? आमच्याकडे अशा वेदरमध्ये लोक जॅकेटची चेन उघडी टाकून फिरतात." ओटावावाले त्यांना दाद द्यायचे. मिल्टनचे आम्ही दोघंच, मी आणि अंकल. अंकलना याचं काही नसायचं. मला मात्र झोंबायचं. मी नागपूरची. आमच्याकडे ऊनसुद्धा दुसऱ्या गावापेक्षा एक डिग्री कमी पडलं तर माणसं हिरमुसतात.

आणि त्या जानेवारीत आमच्याकडे खरं वादळ आलं. टोरांटोपासून आमच्यापर्यंत सगळं ठप्प. गो ट्रेन बंद, शाळा बंद, ड्राइव्हवेमधली गाडी म्हणजे नुसता एक उंचवटा. सकाळी ग्रुप नुसता उकळत होता. जो तो आपला आकडा टाकत होता. सर म्हणाले, "मिल्टन, बोला! की अजून रजईतच?"

मी पट्टी घेऊन मागच्या दाराने बाहेर पडले. यार्डच्या मध्यावर मोजलं. बेचाळीस सेंटिमीटर. चांगलाच आकडा होता, पण हॅमिल्टनच्या एकीने आधीच अठ्ठेचाळीस टाकले होते. कुंपणापाशी मात्र वाऱ्याने रात्रभर बर्फ लोटून ढीग लावला होता. मी तिथे गेले, पट्टी खुपसली. एकाहत्तर. फोटो असा काढला की कुंपण दिसू नये. खाली लिहिलं, "मिल्टन. आमचं बॅकयार्ड. ७१!!"

मी व्यवसायाने सॉफ्टवेअर टेस्टर आहे. दुसऱ्यांच्या कामातल्या चुका शोधायचा मला पगार मिळतो. ढिगातला बर्फ मोजायचा नसतो हे मला माहीत नव्हतं, असं मी म्हणू शकत नाही.

ग्रुप वेडा झाला. सरांनी स्वतः लिहिलं, "मान गये! आजपासून तुम्ही स्नो क्वीन." कोणीतरी माझ्या फोटोला मुकुट लावून पोस्टर बनवलं. आणि त्या सगळ्या गलक्यात अंकलचा मेसेज आला. "मिल्टन. बेचाळीस. जेवढं पडलं तेवढंच."

लगेच सगळे त्यांच्यावर तुटून पडले. "अंकल, चष्मा पुसा!" "अंकल, अर्धा बर्फ घरात नेला का?" सरांनी लिहिलं, "वसईची पट्टी आहे हो, बोंबलासारखी सुकून आखडली असेल."

त्या बोंबलाच्या विनोदावर मी हसणारा चेहरा टाकला. एक नाही, तीन.

दुपारी अंकलचा फोन आला. मला वाटलं, रागावले असतील. आवाजात राग नव्हता, काळजी होती. "बाय, दोन किलोमीटरमध्ये एकोणतीस सेंटिमीटरचा फरक? माझंच कुठेतरी चुकतंय. उद्या येऊन तुझी जागा बघू का?"

"अंकल, रस्ते साफ नाहीत. कशाला उगाच?"

"चालत येतो. आता या वयात चूक कळली तर बरंच की."

दुसऱ्या दिवशी दहाच्या सुमाराला ते खरंच आले. पंचाहत्तरीचा माणूस, कमरेपर्यंत भिजलेला, काखेत पिशवी, पिशवीत पट्टी आणि वही. माझा नवरा ड्राइव्हवे शोव्हल करत होता. त्याने हातातलं फावडं टाकून त्यांना पायऱ्या चढायला आधार दिला. मी म्हटलं, "आधी चहा घ्या." "आधी काम," ते म्हणाले.

मी स्वयंपाकघराच्या खिडकीतून बघत राहिले. बाहेर जायचा धीर झाला नाही. ते मध्यावर गेले, ग्लोव्ह काढला, गुडघे टेकले. मग दोन पावलं सरकून पुन्हा. मग पुन्हा. वहीत लिहिलं. उठले आणि सावकाश कुंपणाकडे गेले. ढिगात माझ्या पट्टीची उभी चीर तशीच होती. माझ्या बुटांचे ठसे थेट तिथपर्यंत गेले होते. ते त्या चिरेसमोर उभे राहिले. वहीत काही लिहिलं नाही.

आत आल्यावर त्यांनी हात चोळले. माझ्याकडे न बघता म्हणाले, "तुझ्याकडे वारा फार लागतो गं. कुंपणाला अडतो."

"हो ना," मी म्हटलं.

चहा प्यायले. चहातल्या आल्याचं कौतुक केलं. नवऱ्याला वसईच्या केळ्यांबद्दल काहीतरी सांगितलं. निघताना बूट घालायला वाकले आणि वाकल्या वाकल्याच, फक्त मला ऐकू जाईल असं म्हणाले, "मी ग्रुपवर काही लिहिणार नाही. तुला वाटेल तेव्हा तू लिही, बाय."

नवरा त्यांना सोडायला निघाला, तर नको म्हणाले. आलो तसा जातो.

मी लिहिणार होते. खरंच. त्याच संध्याकाळी दोनदा टाईप केलं आणि दोनदा पुसलं. दुसऱ्या दिवशी वाटलं, आता विषय निघालाच आहे कुठे? तिसऱ्या दिवशी वाटलं, आता लिहिलं तर मुद्दाम लिहिल्यासारखं होईल. आठवडा गेल्यावर माणसाला खरं बोलायला निमित्त लागतं, आणि ते कधी मिळत नाही.

त्यानंतरही अंकल आकडे टाकत राहिले. प्रत्येक आकड्याखाली कोणीतरी बोंबलाचं चित्र टाकायचं. फेब्रुवारीत त्यांनी नऊ सेंटिमीटर लिहिले, तेव्हा कोणी विचारलं, "म्हणजे खरे किती धरायचे? पंधरा?" त्यानंतर त्यांनी आकडा टाकला नाही. कोणाच्या लक्षातही आलं नाही. माझ्या आलं.

ते मला ग्रोसरीत दिसायचे. हाक मारायचे, "काय बाय, बरी आहेस ना?" तोच आवाज, तीच माया. त्यांनी एकदा जरी टोमणा मारला असता तर मला सुटल्यासारखं झालं असतं. एकदा ते फ्रोझन माशांपाशी उभे होते. मी त्यांना पाहिलं आणि माझी कार्ट शेजारच्या रांगेत वळवली. वळता वळता मागे बघितलं, तर ते माझ्याकडेच बघत होते. त्यांनी हात अर्धा वर केला आणि मग खाली घेतला.

पुढच्या नोव्हेंबरात ते गेले. झोपेत. चर्चमध्ये मिस्साच्या प्रार्थनेला पन्नासेक माणसं होती. ग्रुपमधली मी एकटीच. मिस्सानंतर खाली बेसमेंटमध्ये कॉफी होती. मी कोट घालून सटकणार, तेवढ्यात त्यांच्या मुलीने मला हाताला धरून तिच्या आत्यापुढे नेलं. "आत्या, ही डॅडींची वेदरवाली फ्रेंड. डॅडी म्हणायचे, त्या सगळ्यांमध्ये हिचं माप बरोबर असतं. बाकीचे गप्पा मारतात." मग माझ्याकडे वळून म्हणाली, "ही युस्ड टू ट्रस्ट यू सो मच. तुम्ही दोघं एकमेकांचे आकडे चेक करायचा ना?"

आत्या माझ्याकडे कौतुकाने बघत होत्या. मी म्हटलं, "हो."

घरी येऊन, अंगातला कोटसुद्धा न काढता मी ग्रुपवर सगळं लिहिलं. पट्टी कुठे खुपसली, फोटो कसा काढला, खरा आकडा किती, अंकल येऊन काय बघून गेले. अंकल गेले हेही लिहिलं.

उत्तरं आली. बरेच जोडलेले हात, काही रडके चेहरे. हॅमिल्टनच्या बाईंनी लिहिलं, "अगं, एवढं काय मनाला लावून घेतेस? स्नो केव्हाच वितळला की." सर म्हणाले, "भले गृहस्थ होते. ओम शांती." त्याखाली कोणीतरी त्यांना सांगितलं की अंकल कॅथलिक होते. अर्ध्या तासात विषय विंटर टायर्सवर गेला.

माझ्या त्या मेसेजपुढे मात्र अजून एकच राखाडी खूण आहे. सगळ्यांनी तर वाचला, मग अशी का, म्हणून मी मेसेज कोणाकोणाला पोचला ती यादी उघडून पाहिली. अंकलचा नंबर ग्रुपमधून कोणी काढलेला नाही. यादीच्या तळाशी लिहिलं होतं, बाकी एक.