बाईंच्या डाव्या हातातली शीर

बाईंनी उभं आयुष्य नगरपालिकेच्या पोहण्याच्या तलावावर काढलं. निम्म्या गावाला त्यांनी पाण्यात ढकललं होतं आणि गटांगळ्या खाऊ लागल्यावर बाहेरही ओढलं होतं. लोक पाठीमागे त्यांना डुबकीबाई म्हणत. त्यांना ते ठाऊक होतं आणि आवडतही होतं. निवृत्तीनंतरही सकाळचं पोहणं चुकलं नाही. पंचाहत्तरी उलटल्यावर मात्र मूत्रपिंडांनी हात टेकले. एका दुपारी धाप लागली म्हणून मुलाने रुग्णालयात नेलं, तर तिथे मानेत घाईघाईने नळी घालून डायलिसिस सुरू करावं लागलं.

जीव वाचला, पण ती नळी तात्पुरती होती. पुढची सोय ठरवायला डॉक्टरीणबाईंनी त्यांना, मुलाला आणि सुनेला समोर बसवलं.

"रक्त मशीनपर्यंत न्यायला आणि परत आणायला रस्ता लागतो," त्या म्हणाल्या. "छातीवरून कातडीखालून टिकाऊ नळी घालता येते. ती लगेच वापरता येते, सुया टोचाव्या लागत नाहीत. पण तिथून जंतू आत शिरायची भीती कायम राहते. दुसरा रस्ता फिस्टुलाचा. हातातली धमनी शिरेला जोडायची. शीर फुगून दणकट झाली की तिच्यात सुया घालायच्या. त्यात जंतूंचा धोका कमी. पण शीर तयार व्हायला वेळ लागतो, आणि या वयात ती तयार होईलच असं नाही."

"मग नळीच बरी," मुलगा म्हणाला. "आईला आता कापाकापी नको."

"अहो, त्यांना विचारा की," सून म्हणाली. "हात त्यांचा आहे."

बाईंनी एकच विचारलं, "नळी असताना पाण्यात उतरता येतं?"

"नाही. अंघोळसुद्धा नळी कोरडी ठेवून."

"आणि दुसऱ्यात?"

"जखमा भरल्या, सुयांची भोकं बुजली, तर डायलिसिस नसेल त्या दिवशी स्वच्छ पाण्यात हरकत नाही. पण मी शब्द देत नाही."

"मग दुसरंच करू."

"आई, पोहण्यासाठी ऑपरेशन?"

"लहानपणी तलावाच्या काठावर उभा राहून असंच तोंड करायचास," बाई म्हणाल्या. सून खाली बघून हसली.

हृदय तपासलं, सोनोग्राफीवर शिरा पाहिल्या आणि डाव्या मनगटाशी जोडणी केली. तोवर काम चालावं म्हणून छातीत टिकाऊ नळीही बसवली. मनगटावर बोट ठेवलं की जुन्या फ्रिजवर हात ठेवल्यासारखी थरथर लागायची. बाई येणाऱ्याजाणाऱ्याला ती दाखवत. थोड्याच दिवसांत एका सकाळी ती थरथर लागेना. रक्ताची गुठळी होऊन रस्ता बंद पडला होता.

डायलिसिसच्या खोलीत त्यांच्या शेजारच्या खुर्चीत एक निवृत्त पोस्टमास्तर असत. वयाने बाईंपेक्षाही मोठे. त्यांनी विचारपूर्वक नळीच ठेवली होती.

"मला काय पोहायचंय?" ते म्हणाले. "टोचाटोची नाही, दोन्ही हात मोकळे, पेपर नीट धरता येतो. तुम्हीही उगाच जिवाला घोर लावून घेऊ नका."

बाईंना ते पटलं. घरी येऊन त्या म्हणाल्या, "राहू दे नळीच."

नळी ठेवू म्हणणाराच मुलगा आता अस्वस्थ झाला. आई न्हाणीघरात स्टुलावर बसून ओल्या फडक्याने अंग पुसते आणि अर्ध्यातच कंटाळते, हे त्याच्या डोळ्यांसमोरून जाईना. शेवटी तो तिच्याजवळ येऊन बसला.

"कोपरापाशी शीर जाड असते म्हणे. डॉक्टरांना विचारून आलोय. बघायचं का एकदा?"

"पुन्हा फसलं तर?"

"तर नळी आहेच. तुझं ठरेल ते."

बाईंनी बराच वेळ कोपराशी चाचपून पाहिलं, मग मान डोलावली.

डाव्या कोपराशी केलेली ही जोडणी टिकली. शीर फुगावी म्हणून बाई दिवसभर रबरी चेंडू दाबत बसायच्या, आणि ती दबू नये म्हणून डाव्या कुशीवर झोपत नसत. त्या हाताने पिशवी उचलायची नाही, त्यावर रक्तदाब मोजू द्यायचा नाही, हे त्यांनी सगळ्या नर्सना इतक्यांदा बजावलं की नर्सच आधी म्हणायच्या, "डावा नाही, माहितेय." पहिल्या सुया चांगल्याच दुखल्या. सुयांवर काम नीट भागतंय असं दिसल्यावर छातीतली नळी काढली, जखम भरली आणि डॉक्टरांनी परवानगी दिली.

तलावावर सून सोबत गेली. तिला पोहता येत नव्हतं, म्हणून कमरेएवढ्या पाण्यात कठडा धरून उभी राहिली. बाई पोहल्या नाहीत, तेवढी ताकद नव्हती. पाठीवर पडून नुसत्या तरंगल्या, कान पाण्यात, डोळे मिटलेले. सूनच शेवटी घाबरून म्हणाली, "आई, काहीतरी बोला."

"गप्प राहा गं जरा," बाई म्हणाल्या.

आता आठवड्यातून एकदा त्या तलावावर जातात. शीर कधी सुजते, सुई कधी चुकते, मग नर्सला दोन शब्द ऐकावे लागतात. परवा डायलिसिसच्या खोलीत एक नवीन आजी आल्या. नळी की फिस्टुला, त्यांचं ठरत नव्हतं. बाई एक सांगू लागल्या, पोस्टमास्तर दुसरंच, आणि दोघांची जुंपली. मग बाईंनीच आजींना विचारलं, "तुम्हाला दिवसभरात सगळ्यात काय आवडतं?"

"झोपायला," आजी म्हणाल्या. "डाव्या कुशीवर."

"घ्या," पोस्टमास्तर पेपर उलटत म्हणाले. "फिस्टुला केलात तरी डाव्या हाताला कुणाला हात लावू देऊ नका."