वळणावरचं पोरगं

गावंडे गेल्याचं त्याच्या बायकोने, सुनीताने फोनवर सांगितलं, तेव्हा मी अकोल्यात आमच्या कॉलेजच्या मैदानावर पोरींकडून धावण्याचा सराव करून घेत होते. "ताई, सकाळी गेले हे," एवढंच ती म्हणाली. आदल्याच दिवशी मी अमरावतीच्या दवाखान्यात त्याला भेटून आले होते, म्हणजे बातमी अचानक आली असं नाही. तरी मला राग आला. दुःखाच्या आधी मला राग येतो, आणि ज्याच्यावर काढावा तो माणूस नेमका आता नव्हता. पोरी थांबून माझ्याकडे बघत होत्या. मी शिट्टी वाजवली आणि त्यांना आणखी एक फेरी मारायला लावली. बिचाऱ्या धावल्या.

तोंडावर मी त्याला कायम 'सर' आणि 'तुम्ही' म्हणत आले. आता लिहिताना 'तो' म्हणावंसं वाटतंय. गावंडे आमच्या कॉलेजात भूगोल शिकवायचा, मूळचा मूर्तिजापूरचा. मी खेळाची शिक्षिका. दर हिवाळ्यात आम्ही दोघं मिळून पोरापोरींना सायकलवर मेळघाटात न्यायचो. परतवाड्यावरून चिखलदऱ्याला चढायचं, सेमाडोहकडे उतरायचं, हरिसाल करत धारणी गाठायची. महागड्या पिशव्याबिशव्या आमच्याकडे नव्हत्या. कॅरिअरवर वळकटी, तिच्यावर तांदळाची पिशवी, आणि सगळं जुन्या ट्यूबच्या पट्ट्यांनी करकचून बांधलेलं. मुक्काम एखाद्या शाळेत नाहीतर देवळात. मी सगळ्यांत पुढं, कारण मला हळू चालवताच येत नाही. गावंडे सगळ्यांत मागं. पोरं मला इंजिन म्हणत आणि त्याला गार्डसाहेब. आम्हाला वाटायचं, आमच्या पाठीमागे म्हणतात. पण त्यांना ठाऊक असायचं की आम्ही ऐकतो.

जंगलात मोबाइलला रेंज नाही, म्हणून आमची एक पद्धत होती. रस्ता फुटला की मी माझ्या मागच्या पोराला त्या वळणावर उभं करायची. "गार्डसाहेब येईपर्यंत हलायचं नाही," एवढंच सांगायचं. सगळे त्याच्यासमोरून निघून जायचे. मग ते पोरगं एकटं. पानांचा आवाज, लांब कुठंतरी कुऱ्हाडीचा आवाज, आणि आपण खरंच बरोबर वळणावर आहोत ना ही शंका... माजोरी पोरंसुद्धा त्या वेळात गरीब होऊन जायची. मग गावंडे यायचा, घंटी वाजवत, अगदी सावकाश. पोराला पुढं घालायचा आणि स्वतः पुन्हा मागं. आमच्या कितीतरी विद्यार्थ्यांना तो वर्गातला आठवत नाही, वळणावर आलेला आठवतो.

मी सांगते आहे त्या वर्षी चिखलदऱ्याहून निघताना गच्च धुकं होतं. आकाश नावाचा मुलगा नाल्यात सायकलसकट पडला होता आणि दात वाजवत होता. गावंडेने आपलं केशरी जॅकेट काढून त्याला दिलं. ते जॅकेट म्हणजे गावंडेची ओळख होती, कोसभरावरून दिसायचं. चूक म्हणायची तर तिथंच झाली, पण कुडकुडणाऱ्या पोराला जॅकेट देणाऱ्या माणसाचं चुकलं असं कसं म्हणणार. फरहीन नावाची आमची एक मुलगी गुडघा दुखतो म्हणून मागं पडली होती. गावंडे तिच्यासोबत रमतगमत येत होता. बाकीच्यांना मी पुढं काढलं.

मुक्काम हरिसालच्या अलीकडे, मोठा रस्ता सोडून आत असलेल्या एका आश्रमशाळेत होता. फाट्यावर मी प्रतीकला उभं केलं. हा शेवटच्या वर्षाचा, उंचापुरा, जबाबदार पोरगा. शाळेत पोचून आम्ही खिचडी टाकली. पोरं एकेक करून येत गेली. आकाश आला, थोड्या वेळाने प्रतीक आला, हातपाय धुऊन जेवायला बसला. मी म्हटलं, चला, प्रतीक आला म्हणजे गावंडेही आलेच. डोकी मोजली तर दोन कमी.

"सर कुठं आहेत रे?" मी प्रतीकला विचारलं.

"आले न मॅडम. माह्यासमोरून गेले. मी हाक मारली, पण टोपी होती डोक्यावर, आयकू नसंल गेलं. म्हून मी मागूनच निघालो."

तेवढ्यात चुलीच्या उबेला बसलेल्या आकाशने टोपी मागं केली आणि जॅकेट काढलं. प्रतीकने ते पाहिलं. त्याचा घास हातातच राहिला. त्या पोराचा चेहरा कसा उतरला ते मी आजही सांगू शकते, पण सांगावंसं वाटत नाही. "मॅडम, सर तर मागंच हायेत," तो म्हणाला, आणि उठून सायकलकडे धावला. मी त्याला दंडाला धरून खाली बसवलं. ऊन डोंगरावर चढलं होतं. अंधार पडल्यावर त्या रस्त्यावर सायकल चालवायची नसते, हे तिथलं शेंबडं पोरही सांगेल. इतक्या वेळात गावंडेने फाटा गाठायला हवा होता. फाटा त्याला पाठ होता, वळणावर कोणी नसलं तरी तो चुकला नसता. मग आला का नाही? गुडघा दुखणारी मुलगी, घाट, उतार, जनावर... मी एकेक विचार मनात आणला आणि एकेक हाकलला.

गावात प्रवासी जीप होती. ड्रायव्हर म्हणाला, "मैडम, उजाला है तब तक चलो, बाद में मैं नहीं जाऊँगा." मी पुढं बसले. तोंडाने गावंडेला शिव्या देत होते, कारण शिव्या थांबल्या असत्या तर रडू आलं असतं. प्रत्येक वळणाला मी दरीकडे बघायची आणि काही दिसलं नाही की बरं वाटायचं. रस्त्यात ना सायकल, ना माणूस. फाटा जवळ आला तेव्हा मला आधी शिट्टी ऐकू आली.

फरहीन मैलाच्या दगडाला टेकून बसली होती, दोन्ही सायकली जवळ ठेवून, आणि दम लागेपर्यंत शिट्टी वाजवत होती. मला पाहताच तिला रडू फुटलं. "मैडम, सर नीचे उतरे हैं. प्रतीक नहीं मिल रहा." दगडावर प्रतीकची पाण्याची बाटली होती. घाईत विसरून गेला होता. गावंडे फाट्यावर आला तेव्हा त्याला वळणावर बाटली दिसली आणि पोरगं दिसलं नाही. फरहीन त्याला म्हणाली होती, तो पुढं गेला असेल. त्यावर तो म्हणाला होता, "नाही माय. वळणावरचं पोरगं माह्याशिवाय जात नाही." शाळेपर्यंत जाऊन बघावं तर तेवढ्यात उजेड जाणार, आणि पोरगं खाली कुठं पडलं असेल तर... म्हणून तो दरीत उतरला होता. आम्ही तिकडे तो हरवला म्हणून घाबरलो होतो, आणि तो इकडे आमचं जेवत बसलेलं पोरगं झुडपांत शोधत होता.

मी कठड्यावरून ओरडले. खालून हाक आली, ती मला नव्हती. "प्रतीऽऽक..." आवाज पार बसला होता. मी पुन्हा ओरडले, "सर, वर या, तो शाळेत आहे." खाली एकदम शांत झालं. मग बराच वेळ फक्त दगड घसरल्याचे आवाज. ड्रायव्हर सारखा हॉर्न वाजवत होता. गावंडे वर आला तेव्हा शर्ट फाटला होता, कोपर सोलवटलं होतं, चष्मा नव्हता.

"पोरगं कुठं हाय?"

"जेवून राहिलं," मी म्हटलं.

तो रस्त्यातच मांडी घालून बसला. "मंग मले सांगता काहून नाही कोणी," म्हणाला, आणि शर्टाच्या बाहीने तोंड पुसत राहिला. शाळेत आल्यावर प्रतीक त्याच्या पायाशी जाऊन उभा राहिला, पण गावंडे त्याला एक शब्द बोलला नाही. मीच ताडताड बोलले. गावंडे म्हणाला, "राहू द्या मॅडम. हाय न तो." पुढच्या वर्षीपासून मात्र वळणावर दोघांना उभं करायचं, हे त्याने आपल्या आपण ठरवून टाकलं आणि मला नुसतं कळवलं.

त्यानंतर बऱ्याच मोहिमा झाल्या. पोरं पांगली. प्रतीक नागपुरात नोकरीला लागला. ह्या वर्षी गावंडेला लिव्हरचं दुखणं झालं आणि दिवाळीनंतर ते हाताबाहेर गेलं. शेवटी शेवटी त्याचं बोलणं तुटक झालं होतं. तेव्हा एके सकाळी सुनीताचा फोन आला. "ताई, हे सारखं इचारून राहिले, पोरगं आलं काय, पोरगं आलं काय. आमाले तर दोन पोरीच. दोघी उशाशी बसून हायेत. कोण्या पोराचं इचारत असतील हो?" मोठ्या मुलीला त्याचं फार लागलं होतं, हे तिने सांगितलं नाही तरी मला समजलं.

मला पोरगं कोणतं ते माहीत होतं. मी आले होते, हाक मारली होती, पोरगं शाळेत जेवत होतं, हे सगळं त्याच्या डोक्यातून पुसून गेलं होतं. रिकामं वळण तेवढं उरलं होतं. इतकी वर्षं गेली आणि हा माणूस अजून त्या दरीत उतरत होता. मी प्रतीकला फोन केला. त्याने का म्हणून विचारलं नाही, निघता निघता एवढंच विचारलं, कोणता वॉर्ड.

मी दारापाशी थांबले. प्रतीक पलंगाजवळ गेला, वाकला. "सर, मी प्रतीक."

गावंडेने डोळे उघडले. खूप वेळ बघितलं. ओळखलं असं वाटेना. मग म्हणाला, "कुठं होता बे?"

प्रतीकने माझ्याकडे पाहिलं. मला वाटलं, आता हा माफी मागणार. त्या संध्याकाळपासून भेटेल तेव्हा तो तेच करत आला होता.

"तिथंच होतो सर," तो म्हणाला. "दगडापाशी. तुमी येईपर्यंत हाललोच नाही."

"मंग बरं," गावंडे म्हणाला. सुनीता सांगते, नंतर त्याने कोणाला काही विचारलं नाही.

खोलीत खुर्ची होती, पण प्रतीक बसला नाही. गावंडेला झोप लागली तरी तो पलंगाजवळ उभाच होता. भेटीची वेळ संपल्याचं सांगायला सिस्टर आली, तेव्हा त्याने आता जाऊ का, म्हणून माझ्याकडे पाहिलं. सिस्टरशी काय ते मी बघून घेते म्हटलं, आणि त्याला खुणेनं सांगितलं, थांब.